आठशे बारा मीटर

कर्णिक मॅडमनी पहिला मणी तोंडात टाकला, दोनदा चावला आणि मान वळवून थुंकून टाकला.

वाइन करणारी माणसं मणी थुंकतातच, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दिवसाला दोनशे मणी चाखायचे तर गिळून कसं चालेल? पण थुंकण्यातही प्रकार असतात. मणी तोंडात घोळवायचा, साल दातांखाली घासायची, बी जिभेवर घेऊन तिची चव बघायची आणि मग थुंकायचं, हे वेगळं. हे तसलं नव्हतं. माझे सासरे माझ्या मागेच उभे होते. त्यांना हा फरक दिसू नये म्हणून मी जरा मध्ये सरकलो.

"पाणचट आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या ओळीकडे वळल्या.

दोन हजार सहा साल, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. दिंडोरी तालुक्यातल्या निंबोळे गावाच्या टेकडीवर आम्ही चौघं उभे होतो: मी, आमच्या वायनरीत वाइन करणाऱ्या कर्णिक मॅडम, माझे सासरे दगूनाना गांगुर्डे आणि मॅडमच्या वह्या-नळ्या सांभाळणारा त्यांचा ड्रायव्हर. टेकडीवर शिराझ या काळ्या द्राक्षाच्या सेहेचाळीस ओळी होत्या. ती बाग माझी नव्हती, जमीनही माझी नव्हती. मी वायनरीचा एक साधा नोकर होतो, शेतकऱ्यांना वाइनची द्राक्षं लावायला लावणारा. पण त्या टेकडीवर द्राक्षं लावायची कल्पना मात्र नखशिखांत माझी होती, आणि तालुक्यात असा एक माणूस उरला नव्हता ज्याला मी ती ऐकवली नव्हती.

कल्पना अशी. खाली नदीकाठच्या काळ्या जमिनीत द्राक्ष लावलं की फेब्रुवारीत ऊन चढतं, मण्यात साखर धावत सुटते आणि आंबटपणा बघता बघता उडून जातो. खायच्या द्राक्षाला ते चालतं. वाइनला नाही. वाइनला गोडी हवी तसा आंबटपणाही हवा, नाहीतर ती नुसती शिळ्या सरबतासारखी लागते. गावाची उंची सहाशे चाळीस मीटर, टेकडीची आठशेच्या वर. वर दुपारचं ऊन दोन अंशांनी मऊ, वारा मोकळा, जमीन मुरमाड. तिथे मणी सावकाश पिकणार, आंबटपणा धरून ठेवणार. मी नाशिकच्या एका दुकानातून उंची दाखवणारं घड्याळाएवढं यंत्र विकत घेतलं होतं आणि ते कायम खिशात असायचं. जेवणाच्या ताटावरसुद्धा मी उंची सांगायचो, असं माझी बायको शैला म्हणते. ते तितकंसं खोटं नाही.

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी सासुरवाडीच्या ओट्यावर बसून सहज म्हणालो होतो, की मामा, तुमची ती टेकडी म्हणजे शिराझसाठी सोनं आहे. मामा म्हणाले, "मंग लावा की."

मला वाटलं, पटलं. आता कळतं की जावयानं सासऱ्याची टेकडी मागितल्यावर दगूनाना गांगुर्डे दुसरं काय म्हणणार होते?

मामा म्हणजे साधी असामी नव्हे. खायच्या द्राक्षात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. बागेला पाणी कधी द्यायचं हे विचारायला सकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. ते मातीत बोट खुपसायचे, एखादं पान गालाला लावून बघायचे आणि सांगायचे, परवा द्या, किंवा आत्ताच जा. ते ऐकणाऱ्याचं कधी नुकसान झालं नाही. त्यांच्या बागेतला मणी लिंबाएवढा व्हायचा. तो फुगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. शिराझला पहिल्यांदा मणी धरले तेव्हा त्यांनी घड हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि अगदी अदबीनं विचारलं, "हे एवढंच राह्यचं का?"

मी सांगितलं, एवढंच. छोटाच हवा. रंग आणि चव सगळी सालीत असते, मणी फुगला की रस वाढतो आणि चव पातळ होते. म्हणून मण्याला रंग चढायला लागला की बागेला जवळजवळ तहानलेलीच ठेवायची. आठवड्यातून एकदा, रविवारी, मी स्वतः येऊन मोटार चालू करणार, अर्धा तास, बास. एरवी थेंब नाही.

मामा म्हणाले, "बरं."

मामांचं बरं मला फार आवडायचं. त्या घरात मला कधी कुणी नाही म्हटलंच नाही. मी काहीही बोललो की मामांचं बरं, आणि मी जेवायला बसलो की मामींचा आग्रह. मामी, म्हणजे सासूबाई हौसाबाई, या बाबतीत कसलेल्या होत्या. पुरे म्हटलं की दोन पोळ्या. पोट भरलं म्हटलं की त्यावर तूप. ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून आमटी. नको म्हणणं हे माझं काम आणि वाढणं हे त्यांचं काम, असा आमचा रिवाजच पडून गेला होता. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि माझं वजन अकरा किलोनं वाढलं होतं.

तर त्या दिवशी टेकडीवर मामला असा होता. वायनरीनं मामांशी केलेल्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं, की हे तिसरं वर्ष परीक्षेचं. द्राक्ष पसंत पडलं तर टेकडीचा सगळा माल दहा वर्षं वायनरी घेणार. नाही पडलं तर करार संपला, वेली उपटायच्या. मामांची तीन वर्षं आणि माझा शब्द, दोन्ही कर्णिक मॅडमच्या जिभेवर होती.

आणि मॅडम ओळीमागून ओळ थुंकत चालल्या होत्या.

त्या अधूनमधून मण्याचा रस साखर मोजायच्या नळीत टाकून डोळ्याला लावायच्या आणि आकडा सांगायच्या. सतरा. साडेसतरा. सतरा. आम्हाला हवे होते तेवीस. घड दिसायला सुरेख होते, मणी टपोरे, पानं हिरवीगार. गेला महिनाभर मी दर रविवारी ती टवटवी बघून खूश होतो. मुरमाड जमीन, आठवड्याला अर्धा तास पाणी, तरी बाग अशी तरारलेली. मी ते उंचीच्या खात्यात जमा करत होतो. साखर चढत नव्हती, तर म्हणत होतो, उंचावर वेळ लागायचाच.

मामा नुसतेच मागून येत होते. टोपी काढायचे, आत बघायचे, परत घालायचे.

टेकडीच्या खांद्यावर एक सिमेंटची टाकी आहे. तिथपर्यंत चाळीस ओळी, आणि टाकीच्या वर आणखी सहा. ऊन तापलं होतं, ड्रायव्हर म्हणाला, वरचं बघायचं राहू द्या मॅडम, सगळं एकच आहे. पण मॅडम शिस्तीच्या. त्या टाकीला वळसा घालून वर गेल्या, वरच्या पहिल्या ओळीतला एक मणी तोडला आणि तोंडात टाकला.

त्या थुंकल्या नाहीत. डोळे मिटून चावत राहिल्या. मग आणखी एक घेतला, साल जिभेवरून काढून बघितली. त्यांच्या बोटांना जांभळा डाग पडला होता.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या.

नळीत आकडा आला तेवीस पूर्णांक चार. मी मणी खाल्ला. मण्यांचा आकार वाटाण्याहून लहान, पण तोंडात टाकल्यावर गोडी आणि तिच्या पाठोपाठ असा सणसणीत आंबटपणा, की कानशिलं हलली. गेली चार वर्षं मी ज्याच्याबद्दल बोलत होतो ते हेच होतं. आयुष्यात मी तोवर ते फक्त बोललोच होतो, चाखलं नव्हतं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडम परत टाकीच्या खालच्या ओळीत उतरल्या. पाणचट. वर चढल्या. झकास. असं तीनदा केलं. मी तोवर खिशातून यंत्र काढलं होतं. टाकीपाशी उभं राहून बघितलं.

"आठशे बारा मीटर," मी म्हणालो. "मॅडम, ही रेघ आहे. आठशे बाराच्या वर टेकडीचं हवामान बदलतं."

मॅडमनी शंका काढली, की चार पावलांत एवढा फरक कसा पडेल? ती शंका रास्त होती. पण मी रंगात आलो होतो. मी सांगितलं, की पश्चिमेकडच्या खिंडीतून येणारा वारा बरोबर या पातळीवर टेकडीला लागतो. खाली खांद्याचा आडोसा, वर मोकळं. खाली हवा कोंडते, वर खेळते. कोंडलेल्या हवेत पान बाष्प सोडत नाही, म्हणून मण्यात पाणी साठतं. मी हातवारे करून खिंड दाखवली, वारा दाखवला. हे सगळं मला तिथल्या तिथे सुचत होतं आणि सुचता सुचता पटतही होतं. ड्रायव्हरसुद्धा मान डोलवायला लागला.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी वही उघडली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर असेल तर खालच्या चाळीस ओळींची जागाच चुकली. त्यांना काही इलाज नाही. आणि वरच्या सहा ओळींसाठी वायनरी इथवर गाडी पाठवणार नाही. मी लिहिते, टेकडी नापास. वेली काढून टाका."

बागेच्या मुळावर घाव घातला होता तो माझ्याच भाषणानं, आणि तोही इतका मुद्देसूद, की आता मला स्वतःला तो खोडता येईना. मॅडमचं पेन कागदावर टेकलं.

"बाई, लिहू नका," मामा म्हणाले.

आम्ही तिघंही वळलो. मामांनी टोपी हातात घेतली होती.

"उंचीबिंची काही नाही. पाणी मी दिलं. रंग चढायला लागल्यापासून, एक दिवसाआड. दुपारी टाकी भरून ठेवायची आन् सकाळी कॉक सोडायचा. मोटारीचं पाणी वरपर्यंत जातं, टाकीचं आपलं खाली उतरतं, वर कसं चढंल? म्हणून त्या वरच्या सहा वळी राह्यल्या कोरड्या. बाकी टेकडी सगळी सारखीच हाय."

मी यंत्राकडे बघितलं. त्यात अजून आठशे बारा दिसत होतं. ते खोटं बोलत नव्हतं, टाकी खरंच आठशे बारा मीटरवर होती.

मी यंत्र खिशात घातलं आणि विचारलं, "मामा, मी तर सांगितलं होतं."

"सांगितलं व्हतं ना. पर पानांनी माना टाकल्या व्हत्या. येणारे जाणारे म्हणायचे, नाना, जावयाची बाग वाळवली का? मला ते बघवंना."

"मग मला म्हणायचं होतं, की हे मला पटत नाही."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मी काहीतरी भलतंच मागितल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

"पाव्हणे, तुम्हाला नाही कसं म्हणणार? जावयाला कुणी नाही म्हणतं का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् खरं सांगू का, तुम्ही जेवताना पुरे म्हणता, तरी तुमची मामी वाढतीच ना. तुम्ही खाताही. मला वाटलं, हे बी तसंच. आपलं म्हणायचं म्हणून म्हणताय."

आधी हसल्या त्या मॅडम. वही छातीशी धरून त्या टाकीच्या कठड्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. मलाही हसू आलं, पण मी मामांकडे बघत होतो. ते हसत नव्हते. ज्यांच्या ओट्यावर सगळा तालुका पाणी विचारायला येतो, त्या माणसानं परक्या बाईसमोर, तिच्या ड्रायव्हरसमोर सांगितलं होतं, की पाणी देण्यात मी चुकलो. गप्प राहिले असते तर दोष टेकडीवर गेला असता, हवेवर गेला असता, माझ्यावर गेला असता. त्यांना कुणी बोल लावला नसता. मला वाटलं होतं मला राग येईल, पण मला माझीच लाज वाटली. खिंड आणि वारा करत मी जे तारे तोडले होते ते आठवून कान तापले.

मॅडमनी डोळे पुसले आणि मामांना शेजारी बसवून घेतलं. किती दिवस, किती वेळ कॉक उघडा, सगळं विचारलं. मामांना तारीखवार पाठ होतं. कोणत्या दिवशी ढग होते म्हणून कमी सोडलं, कोणत्या दिवशी ऊन होतं म्हणून जास्त, हेही त्यांनी सांगितलं. मॅडम पानभर लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे या सहा ओळी टेकडीचं खरं सांगतायत. नाना, आणखी एक वर्ष देते. पण पाणी नाही हं."

मामा म्हणाले, "बरं." आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, की माझ्या या बऱ्यावर विसंबू नका. तो कॉकचा दांडा काढा आणि नाशिकला घेऊन जा. माझ्या हाताशी राहिला तर माझ्यानं राहवणार नाही.

त्या वर्षीचे खालच्या ओळींचे घड आम्ही नातेवाइकांत वाटले. मोठ्या बिया असलेली ती पाणचट काळी द्राक्षं खाऊन सगळ्यांनी फार चांगली आहेत म्हणून सांगितलं. दांडा मी खरंच नाशिकला नेला आणि कपाटात ठेवला. पुढच्या वर्षी मण्यांना रंग चढायला लागला, तेव्हा मामा टेकडीवर जायचेच बंद झाले. सबंध जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी ते तिकडे फिरकले नाहीत. शैला आपल्या वडिलांबद्दल म्हणायची, दादा ओट्यावरसुद्धा टेकडीकडे पाठ करून बसतात. लोक विचारायचे, नाना, वरची बाग सुकली की हो. मामा विषय बदलून त्यांना त्यांच्याच बागेचं विचारायचे.

मी मात्र दर दोन दिवसांनी जात होतो. मणी बारीक राहिले, काळेभोर झाले. साखर बावीस, साडेबावीस, तेवीस. तेवीस झाल्याबरोबर मी वायनरीला फोन केला, सोमवारी तोडणी, गाडी पाठवा. करार या मालावर ठरणार होता आणि मला आता एक दिवसही धोका पत्करायचा नव्हता. रविवारी मी निंबोळ्याला गेलो आणि मामांना म्हणालो, उद्या तोडतोय, एकदा वर चला.

ते आले. दीड महिन्यात पहिल्यांदा. वाळत आलेली पानं बघून त्यांचा चेहरा कसनुसा झाला, पण ते थांबले नाहीत. खालच्या ओळीपासून वरच्या ओळीपर्यंत चालत गेले. दर चार-पाच वेलींनंतर एक मणी. आता तेही चावून बी हातावर घेऊन बघत होते, मॅडमसारखे. मी मागून यंत्र न काढता चालत होतो. अख्खी बाग फिरून झाल्यावर ते टाकीपाशी टेकले.

"मग मामा, उद्या सकाळी सातला माणसं लावू?" मी विचारलं, आणि ते बरं म्हणणार हे धरूनच खाली उतरायला वळलो.

"नाही," मामा म्हणाले.

मी वळून बघितलं. त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर सात-आठ बिया होत्या.

"बी अजून हिरवी हाय. चावली की तोंड आवळतं. खालच्या बागेत मी तुम्हाला थांबू दिलं नसतं, तिथं उन्हानं आंबटपणा पळाला असता. इथं वर थंडावा हाय, तो कुठं जात नाही. बी तपकिरी होऊ द्या. आठ दिवस."

"मामा, गाडी ठरलीय. मी मॅडमना शब्द दिलाय."

"मंग मॅडमला सांगा, सासरा नाही म्हणतो."

आणि ते असे बसून राहिले, की आता यावर पुढे बोलायचं काही नाही. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते सरळ माझ्याकडे बघत होते. मागे हटायची तयारी कुठेच दिसत नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. आठ दिवसांनी तोडलं. दहा वर्षांचा करार झाला, मग आणखी दहा वर्षांचा. त्या आठ दिवसांनी वाइनला काय दिलं, ते कर्णिक मॅडम येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आजही सांगतात. मामांनी मात्र ती कधी चाखली नाही. ते म्हणायचे, मणी खाल्ला ना, बास झालं.

पण त्या रविवारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. टाकीपाशी मामा बसलेले, हातात हिरव्या बिया, आणि मी फोन हातात घेऊन उभा. लग्नाला आठ वर्षं झाली होती, त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी नाही म्हटलं होतं, आणि मी फार खूश झालो होतो. मॅडमनी फोन उचलल्यावर मी म्हणालो, "मॅडम, उद्या गाडी नको. आमच्या घरी नाही म्हणतायत."